कठड्यापलीकडचे वजन

त्या दिवशी आमचे विमान कॅरिबियन समुद्रात बुडाले नाही, याचे श्रेय मेदेयीनच्या वर्तमानपत्रांनी कॅप्टन उर्रेगोच्या हातांना दिले आणि हवानाच्या वर्तमानपत्राने अपहरणकर्त्यांच्या क्रांतिकारी संयमाला. विमानातल्या बहुतेक बायका आजही ते कार्मेनच्या मातेला, म्हणजे देवमातेला, देतात, कारण तिचे चित्र माझ्या आसनासमोर चिकटवलेले होते. यांपैकी एकही मत मला मान्य नाही. मी त्या विमानाचा उड्डाण-अभियंता होतो आणि भारपत्रकावर, म्हणजे विमानातल्या वजनाच्या नोंदीवर, सही माझी होती. तेव्हा बोलण्याचा अधिकार माझा आहे. आम्ही ज्या कारणाने बुडायला निघालो होतो, त्याच कारणाने वाचलो. ते कारण म्हणजे वजन.

सान आन्द्रेस बेटावर जकात नव्हती. मेदेयीनकडचे, मुख्य भूमीवरचे लोक तीन दिवसांसाठी समुद्रस्नानाला म्हणून येत आणि समुद्रात पायसुद्धा न बुडवता घड्याळे, रेडिओ, नायलॉनचे तागे आणि व्हिस्की घेऊन परतत. परतीच्या प्रवासात प्रत्येकाला विमानतळावरच्या काट्यावर उभे केले जाई, कारण आमचे विमान जुने, लष्करातून निवृत्त झालेले, चार इंजिनांचे होते आणि त्याला वजनाची मर्यादा होती. काट्याच्या शेजारी कमरेइतका लाकडी कठडा असे. प्रवासी काट्यावर चढण्यापूर्वी आपली पिशवी कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या बाईच्या हाती देई, काट्यावर निष्पाप चेहऱ्याने उभा राही, उतरला की कठड्यावरून पिशवी परत घेई आणि विमानाकडे चालू लागे. पिशवी सांभाळणाऱ्या त्या बाईला बेटावर मद्रिना म्हणत, म्हणजे धर्ममाता. प्रत्येकाची एक मद्रिना असे. ज्याची नसे, त्याला विमानतळाच्या दारात सिगारेटच्या एका पाकिटाच्या बदल्यात ती मिळे.

हे सर्वांना ठाऊक होते. मलाही ठाऊक होते. काट्यावर जे दिसले ते मी लिहीत असे आणि खाली सही करत असे. धावपट्टीच्या शेवटी समुद्र होता. विमान नेहमी शेवटच्या शंभर मीटरांत कसेबसे उचलले जाई, आणि आम्ही त्याचे खापर बेटावरच्या उष्म्यावर फोडत असू.

त्या फेब्रुवारीतल्या दुपारी विमानात एकसष्ट प्रवासी होते. उड्डाणानंतर वीस मिनिटांनी कोणीतरी वैमानिक-कक्षाचे दार ठोठावले. आत आलेला तरुण सव्विशीचा असेल. डोळ्यांवर चष्मा होता, आणि त्या उकाड्यातही कोटाच्या आत लोकरीची बंडी घातलेली होती. तुन्हाच्या थंड डोंगरांतला माणूस लोकरीवरून ओळखू येतो. त्याच्या हातात पिस्तूल होते.

“माफ करा, कॅप्टनसाहेब,” तो म्हणाला. “मी एलादियो सेली, चौदा ऑगस्ट आघाडीचा. हे विमान आता हवानाला जाईल. कोणाला इजा करायची आमची इच्छा नाही.”

कॅप्टन उर्रेगो मागे न वळता म्हणाला, “इच्छा नसेल तर ते नळकांडं खाली धर, बाबा. आर्रिएता, हवानाचा नकाशा काढ. दुसऱ्या खणात आहे, कॉफी सांडलेला.”

त्या वर्षी असेच चालले होते, विमानांमागून विमाने हवानाला पळवली जात. हवानाचा नकाशा प्रत्येक विमानात असे. प्रवाशांनाही माहीत होते की तिकडे एक रात्र हॉटेल मिळते, भात आणि काळा घेवडा मिळतो, आणि दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात. दारातून मी मागे पाहिले तेव्हा एक शिक्षिकेसारखी दिसणारी मुलगी मधल्या वाटेत पिस्तूल धरून उभी होती, एक धिप्पाड, मुका वाटावा इतका गप्प माणूस शेवटच्या रांगेजवळ होता, आणि प्रवासी चिडलेले होते, घाबरलेले नव्हते.

एलादियोने एक गोष्ट केली, जी त्याच्याआधीच्या कोणाही अपहरणकर्त्याने केली नसावी. त्याने माझ्याकडे भारपत्रक मागितले.

“आम्ही वेडे नाही,” तो म्हणाला. “इंधन पुरत नसेल तर सांगा, मी ऐकेन. पण आकड्यांनी सांगा.”

कायद्याचा विद्यार्थी होता तो. खिशातून वही काढून त्याने पत्रकातले वजन उतरवून घेतले, इंधन, अंतर आणि समोरचा वारा धरून पेन्सिलीने गणित मांडले, आणि हवानाला पोहोचून अर्ध्या तासाचे इंधन उरते असा निष्कर्ष काढला. गणित बिनचूक होते. मला तो आवडला, हे मी लपवत नाही. आकडे तपासून घेणाऱ्या माणसाशी वाद घालता येतो.

चूक होती ती त्या गणिताच्या पायात, आणि ती त्याच्यासारखा माणूसच करू शकला असता. त्याची दोन पिस्तुले एका मद्रिनेने कठड्यावरून विमानाकडे पोहोचवली होती. बेटाची ही रीत त्याने आठवडाभर पाळत ठेवून शिकून घेतली होती. पण ज्या कठड्यावरून आपली पिस्तुले आली, त्यावरून बाकीच्या अठ्ठावन्न जणांचे काय आले, हा प्रश्न त्याला पडला नाही. रीत ही आपण शोधलेली युक्ती आहे, असे त्याने धरले होते. आणि कागदावर सही-शिक्का दिसला की डोंगरातला माणूस तो कागद खरा मानतो.

दोन तास सर्व ठीक चालले. एलादियो माझ्यामागे उभा राहून आघाडीविषयी बोलत होता. त्याच्या गावी चौदा ऑगस्टला कुळांच्या सभेवर गोळीबार झाला होता. नऊ माणसे मेली, आणि गोळ्या झाडणाऱ्यांऐवजी सभेला आलेले सत्तावीस जण तुरुंगात गेले. त्यांत त्याचा थोरला भाऊ होता. बोगोतातल्या एकाही वर्तमानपत्राने त्या सत्तावीस जणांची नावे छापली नव्हती.

“म्हणून विमान?” मी विचारले.

“तुम्ही दुसरं काही सुचवा. अर्ज दिले, मोर्चा काढला. विमान नेलं की उद्या सगळे विचारतील, कोण हे, काय म्हणतात.”

“तुमच्या भावाला माझ्या विमानातल्या लोकांनी तुरुंगात घातलं नाही.”

“बाहेरही काढलं नाही, साहेब.”

याला माझ्याकडे उत्तर होते, पण तिसऱ्या इंजिनाच्या तेलाचा काटा खाली यायला लागला. दोन मिनिटांत तो तळाला टेकला. मी इंजिन बंद केले आणि पंख्याची पाती वाऱ्याला कडेने वळवली. कॅप्टनने उरलेल्या तिन्हींना पूर्ण जोर दिला. आम्ही साडेपाच हजार फुटांवर होतो. पत्रकातले वजन खरे असते, तर तक्त्याप्रमाणे विमान तीन इंजिनांवर त्याच उंचीवर टिकायला हवे होते. ते मिनिटाला दोनशे फूट खाली जाऊ लागले.

भागाकार कोणालाही येतो. सत्तावीस मिनिटे. सर्वांत जवळची जमीन म्हणजे इंग्रजांचे केमन बेट, आणि ते तासाभराच्या अंतरावर होते.

एलादियोने पिस्तूल कॅप्टनच्या मानेला लावले. “वर घ्या.”

“घेतोय की. बघ ना, तिन्ही इंजिनं पुरती ताणलीयेत.”

“माझ्याशी खेळू नका. मी गणित केलंय. या वजनाला हे विमान तीन इंजिनांवर उडतं. तक्ता मी पाहिलाय. तुम्ही मुद्दाम खाली नेताय, इंग्रजांच्या बेटावर उतरून आम्हाला पकडून द्यायला.”

“आर्रिएता,” कॅप्टन म्हणाला, “तूच बोल याच्याशी. तुझाच कागद आहे.”

मी आसनावरून उठलो. माझी सही कशाखाली आहे हे मी स्वतःला कधी मोठ्याने सांगितले नव्हते, आणि पहिल्यांदा सांगायचे ते एका पिस्तूलधारी विद्यार्थ्याला.

“तुझं गणित बरोबर आहे,” मी म्हणालो. “पत्रक खोटं आहे.”

“सही तुमची आहे.”

“माझीच. आणि मला सांग, या पत्रकात तुझ्या पिस्तुलाचं वजन कुठे लिहिलंय?”

त्याने पत्रकाकडे पाहिले.

“कठड्यावरून आलं ना? मग बाकीच्यांची मद्रिना काय रोज नुसती टाटा करायला येते? मागे जा आणि बघ. माणशी वीस-बावीस किलो धर. तेराशे किलो या कागदावर नाहीत, आणि या घडीला आपण त्यांच्यासकट खाली चाललोय.”

चष्म्यामागे त्याचे डोळे हलले. तो गुणाकार करत होता. मग त्याने पिस्तूल कॅप्टनच्या मानेवरून काढले आणि माझ्याबरोबर मागे आला.

आमचे विमान पूर्वी हवेतून माल टाकण्यासाठी वापरत. मागच्या दारातली एक फळी आत ओढून काढता येई आणि फूटभर रुंद भोक मोकळे होई. मी कमरेला दोर बांधून ती फळी काढली. वाऱ्याचा आवाज आत आला. मग प्रवाशांना काय झाले आहे आणि काय करायचे आहे हे मी सांगितले: जे पत्रकात नाही ते समुद्रात जाऊ द्या, तरच आपण राहू. एकही माणूस हलला नाही.

“आमच्याकडे काही नाही, इंजिनिअरसाहेब,” पाचव्या रांगेतून उत्तर आले. हे बोलणाऱ्याने एकावर एक चार पँटी घातल्या होत्या आणि त्याला गुडघे वाकवता येत नव्हते.

एलादियो पुढे झाला. “आघाडीच्या वतीने मी सांगतो, कोणालाही शिक्षा होणार नाही. कोणाचं नाव लिहिलं जाणार नाही.”

दोन्या, म्हणजे श्रीमती, त्रान्सितो नावाची एक व्यापारीण होती. दर पंधरवड्याला आमच्या विमानाने येई-जाई. तिच्या मांडीवर दुलईत गुंडाळलेले मूल होते आणि ती सान आन्द्रेसपासून त्याला थोपटत होती. ती म्हणाली, “पोरा, तुझा शब्द हवानापर्यंत. त्यानंतर आम्हाला मेदेयीनला उतरायचंय. आणि मेदेयीनचा कायदा तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसलाय. त्याला विचार तो काय म्हणतो.”

तिसऱ्या रांगेत खिडकीशी दॉन, म्हणजे श्रीयुत, एर्मोहेनेस आल्ताओना बसले होते, मेदेयीन विमानतळावरचे जकात निरीक्षक. पांढरा सूट, गळ्यापर्यंत लावलेली बटणे, कपाळावर घाम. सत्तावीसपैकी सहा मिनिटे गेली होती, आणि सत्तावन्न माणसे दोन पिस्तुले आणि एका समुद्रापेक्षा या एका माणसाला अधिक घाबरत होती. मी हे हसण्यासाठी सांगत नाही. पिस्तूल एका दिवसाचे असते. निरीक्षक दर पंधरवड्याला भेटतो.

मी त्यांच्याजवळ गेलो. “दॉन एर्मोहेनेस, यांना सांगा की तुम्ही काही पाहणार नाही.”

“मी शासकीय नोकर आहे, आर्रिएता. डोळे मिटण्याचा मला अधिकार नाही.”

“मग उघडे ठेवा, पण स्वतःपासून सुरुवात करा. सूट उतरवा.”

“काय बोलताय हे? बायका आहेत इथे.”

“आज सकाळी कठड्यापलीकडे हिरव्या झग्यातल्या बाई होत्या. तुमच्या मेहुणी ना त्या? काट्यावरून उतरल्यावर त्यांनी तुम्हाला जे दिलं, ते तुम्ही शौचालयात नेलंत आणि येताना हात हलवत आलात. तुमचं वजन मी चौऱ्याऐंशी लिहिलंय. परत काट्यावर उभं राहाल का?”

“तुम्ही पाहिलंत आणि सही केलीत?”

“केली. म्हणूनच उठा म्हणतोय. तुम्ही आणि मी, दोघांनी मिळून हे विमान जड केलंय.”

मला वाटले होते ते नाकारतील. पण ते उठले. आधी सूटचा कोट काढला. दोन्ही हातांवर, शर्टाच्या बाह्यांवरून, मनगटापासून खांद्यापर्यंत घड्याळे होती, एकूण एकोणीस. मग शर्ट, त्याखाली शर्ट, त्याखाली आणखी एक, आणि पोटाला कापडी पट्ट्यात बांधलेल्या चपट्या बाटल्या. ते एकेक वस्तू काढून आसनावर ठेवत होते, आणि विमानात इतकी शांतता होती की घड्याळांची टिकटिक ऐकू आली असती, तीन इंजिने नसती तर.

दोन्या त्रान्सितोच पहिली हसली. “अहो निरीक्षक,” ती म्हणाली, “गेल्या वर्षी माझे दोन रेडिओ धरलेत ते आठवतंय? तेव्हा हातात वाजत काय होतं तुमच्या?”

“बाई, तेव्हा तीनच घड्याळं होती,” दॉन एर्मोहेनेस म्हणाले.

त्यानंतर कोणाला काही सांगावे लागले नाही. तागे उलगडले गेले, पँटी उतरल्या, आसनांखालून भांडी, मिक्सर, रेडिओ, बाहुल्या, हवाबंद डब्यातले हॅम निघाले. तो धिप्पाड गप्प माणूस, ज्याच्याकडे शस्त्र नव्हते हे तेव्हा कळले, दोन्ही हातांनी माल घेऊन माझ्याकडे सरकवत होता आणि मी तो भोकातून सोडत होतो. मध्येच तो म्हणाला, “हे हॅम चांगलं होतं,” आणि मी त्याच्या तोंडून ऐकलेले ते एकमेव वाक्य. दोन्या त्रान्सितो शेवटी आली. दुलई सोडली तेव्हा आत शिलाईयंत्राचे डोके निघाले, काळे, सोनेरी वेलबुट्टीचे.

“लेकीचं लग्न मोडलंय,” ती मला म्हणाली, फक्त मला. “ह्याच्यावर तिचं दुकान उभं राहणार होतं.” मग तिने ते स्वतःच्या हातांनी ढकलले.

मी पुढे धावत जाऊन उंचीचा काटा पाहिला. अठराशे फूट. उतरण मिनिटाला सत्तर फुटांवर आली होती, पण थांबली नव्हती. समुद्रावरच्या लाटांचे शेंडे एकेक वेगळे दिसत होते.

“अजून शंभर-सव्वाशे किलो,” कॅप्टन म्हणाला. “काढ कुठून तरी. मी माझे बूट देतो.”

शंभर-सव्वाशे किलो कुठे आहेत हे मला माहीत होते. वैमानिक-कक्षामागच्या टपालाच्या कप्प्यात एक लाकडी पेटी होती. पत्रकात तिच्यापुढे मी ‘शाळेची पुस्तके, चाळीस किलो’ असे लिहिले होते. काट्यावर ठेवताना तिचा एक कोपरा कठड्यावर टेकलेला होता. ते मी पाहिले होते. पेटी आणणारी मुलगी शिक्षिका असल्याचे म्हणाली होती, आणि मी माझ्या सवयीप्रमाणे काट्यावर दिसले ते लिहिले होते.

तीच मुलगी, नोएमी, आता पेटीसमोर उभी होती. एलादियो तिच्या आणि माझ्या मध्ये आला.

“ही नाही,” तो म्हणाला.

“काय आहे तिच्यात?”

“आमचं निवेदन. तीन हजार प्रती. आणि छपाईचं हातयंत्र. हवानात पोहोचलो की जगातल्या प्रत्येक वार्ताहराला द्यायचंय. साहेब, यासाठीच तर हे सगळं आहे. कागद नसेल तर आम्ही फक्त विमान चोरणारे तीन भुरटे चोर.”

“कागद समुद्रात आपल्याबरोबरच जाईल.”

“तुम्हाला दुसरं काही सापडत नाही का? आसनं काढा.”

“आसनं काढायला तीस मिनिटं लागतात. आपल्याकडे तेवढी नाहीत.” मग मी त्याच्याशी त्याच्याच पद्धतीने बोललो. “तू कायदा शिकतोस. तुझ्या निवेदनात लोकांबद्दल काही लिहिलंय?”

“सगळं लोकांबद्दलच आहे.”

“मग मागे लोक बसलेत, अंगावर एकेक कपडा घेऊन. त्यांनी त्यांचं टाकलं. तुझ्या पेटीत असं काय आहे जे त्यांच्यापेक्षा जास्त मोलाचं आहे? मला आकड्यांनी सांग.”

“शब्दांची घड्याळांशी तुलना करू नका.”

दोन्या त्रान्सितो माझ्यामागून आली होती. “का नको करू?” ती म्हणाली. “माझ्या लेकीचं यंत्र चौदा किलोला थोडंसं कमी होतं. तुझे शब्द किती?”

त्याने पिस्तूल उचलले. कोणावर रोखावे हे त्याला ठरवता येत नव्हते, आणि त्याचा चेहरा एकदम पोरका दिसला. मला त्या क्षणी भीती वाटली ती गोळीची नव्हती. तो वाद संपवण्याऐवजी लांबवेल याची होती. सोळाशे फूट.

नोएमीने पेटीचे झाकण उघडले.

“नोएमी, थांब. तू मतदान न घेता असं—”

“मी एक, तो मागे दुसरा. दोन विरुद्ध एक. घेतलं मतदान.” तिने मागे पाहिले, गप्प माणसाने मान हलवली. मग तिने वरची प्रत घेतली, तिची पाने उलटली आणि शेवटचे पान हलकेच फाडून वेगळे केले. “एलादियो, हे बघ. अठ्ठावीस पानं तू लिहिलीस. बत्तीस वेळा ‘इतिहास’ म्हणालास, मी टंकलेखन करताना मोजल्यात. सत्तावीस नावं या एका पानावर आहेत. तुझ्या दादाचं अकरावं. हे पान मी ठेवते.”

तिने ते पान घडी करून त्याच्या बंडीच्या खिशात घातले. त्याने पिस्तूल खाली केले, आणि मग, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवे, त्यानेच पेटीचे दुसरे टोक उचलले.

हातयंत्र आधी गेले. कागदांचे गठ्ठे वाऱ्याने सुटले आणि शेपटीमागे बराच वेळ पांढरे पांढरे उडत राहिले. पेटीसुद्धा फोडून टाकली. मी पुढे गेलो तेव्हा कॅप्टन काट्याकडे बोट दाखवत होता. चौदाशे वीस फूट. काटा हलत नव्हता. आम्ही दोघांनी तो चार मिनिटे पाहिला. मग इंधन जसे जळत गेले तसा तो अगदी मंदपणे वर सरकू लागला.

कार्मेनच्या मातेला मी नमस्कार केला. तो श्रेय म्हणून नव्हे, सभ्यता म्हणून.

केमन बेट उजव्या पंखाखालून गेले. उतरायचे का, अशा अर्थाने कॅप्टनने एलादियोकडे पाहिले. एलादियोने नकारार्थी मान हलवली. पिस्तूल अजून त्याच्याकडेच होते. उरलेल्या दीड तासात मी कोरे भारपत्रक काढले आणि आधी जे टाकले गेले त्या प्रत्येक वस्तूचे वजन अदमासाने, पण प्रामाणिकपणे, लिहिले. प्रवाशांना विचारत गेलो. आता कोणी खोटे सांगत नव्हते. उलट दोन जण आपल्या व्हिस्कीच्या बाटल्यांच्या संख्येवरून भांडले, कमी लिहिली म्हणून. दॉन एर्मोहेनेस माझ्या शेजारी बसून वस्तूंची नावे कार्यालयीन भाषेत सांगत होते, कारण त्यांना ती पाठ होती. पेटीचे खरे वजन नोएमीने सांगितले: एकशे बावीस. एकूण तेराशे छप्पन्न किलो. तळाशी मी सही केली.

हवानात उतरल्यावर हिरव्या गणवेशातला एक अधिकारी आला आणि त्याने विमानाची कागदपत्रे मागितली. कॅप्टनने माझ्याकडे पाहिले. माझ्या हातात दोन पत्रके होती, आणि खोट्यावर शिक्का होता.

“आर्रिएता,” तो हळूच म्हणाला, “मेदेयीनला चौकशी होईल. शिक्क्याचं दिलंस तर इंजिन खराब होतं, एवढंच निघेल.”

“इंजिन खराब नव्हतं,” मी म्हणालो. “तीन इंजिनांवर हे विमान उडतं. उडालं की.”

मी खरे पत्रक दिले. शिडीवरून एलादियो, नोएमी आणि तो तिसरा खाली उतरत होते. एलादियोने खिशातले पान काढून वार्ताहरांसमोर वाचले. निवेदन नव्हते, म्हणून तो फक्त नावे वाचू शकला, सत्तावीस, गावांसकट. दुसऱ्या दिवशी ती तशीच छापून आली, कारण एका स्तंभात मावत होती. अठ्ठावीस पाने कोणी छापली असती असे मला वाटत नाही. याबाबत एलादियोशी वाद घालायची संधी मला पुन्हा मिळाली नाही.

मेदेयीनच्या चौकशीत माझा परवाना सहा महिने गेला. प्रवाशांवर काही कारवाई झाली नाही, कारण दॉन एर्मोहेनेस यांनी साक्ष दिली की त्यांच्या तपासणीत एकाही प्रवाशाकडे एकही जकातयोग्य वस्तू आढळली नाही. हे अक्षरशः खरे होते.

सप्टेंबरात मी कामावर परतलो, तेव्हा एकच अट घातली. काटा कठड्याजवळून उचलून शिडीच्या पायथ्याशी, विमानाच्या पंखाखाली ठेवायचा, जिथे कोणाची मद्रिना पोहोचत नाही. व्यवस्थापकांनी तक्रार केली की प्रवासी कमी होतील. प्रवाशांनी मला माझ्या आईवरून शिव्या दिल्या. दोन आठवडे विमान अर्धे रिकामे गेले आणि धावपट्टीच्या मध्यावरच उचलले गेले.

तिसऱ्या आठवड्यात रांगेत दोन्या त्रान्सितो होती, दुलईचे गाठोडे कवटाळून. काट्यापाशी आल्यावर तिने माझ्याकडे पाहिले, दुलई सोडली आणि नव्या यंत्राचे डोके आधी काट्यावर ठेवले.

“तेव्हा तू चौदाला थोडं कमी लिहिलंस,” ती म्हणाली. “मी अंदाजानं सांगितलं होतं. आता नीट बघ.”

मी चष्मा लावला. तेरा किलो सातशे. मी लिहिले.